सांडपाण्याचा शेतीत वापर: सोनखतापासून प्रक्रिया केंद्रापर्यंत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्या १० वॅगनमध्ये मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर १ हेक्टर रानाला ५ सेंमीची एक पाळी द्यायला नेमके एवढेच पाणी लागते. पुढे ५० वॅगनच्या गाड्या सुरू झाल्या. तेव्हा एका खेपेत साडेबारा एकराच्या एका पाळीइतके पाणी येऊ लागले आणि ऑगस्टपर्यंत शहराने त्यावर तहान भागवली. मांजरा धरणाचा तळ त्या वर्षी उघडा पडला होता.

त्याच उन्हाळ्यात शहराच्या नाल्यांना मात्र थोडेफार पाणी होते. नळाचे, टँकरचे किंवा रेल्वेचे, घरात आलेले बहुतेक पाणी मोरीतून बाहेर पडतेच. नागरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी असे धरतात. नांदेड शहराची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आणि लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार. या मापाने नांदेडचे सांडपाणी रोज सुमारे ६ कोटी लिटर आणि लातूरचे ४ कोटी लिटर होते. हा हिशेब कागदावरचा आहे. लातूरला नळ रोज येत नाही, त्यामुळे तिथले प्रत्यक्ष सांडपाणी कमी आणि जास्त दाट असते. या दाटपणाचा पिकाशी संबंध आहे, तो पुढे येईल.

दोन्ही शहरांच्या आणि तालुक्यांच्या गावांखाली नाल्यावर मोटर टाकून ऊस, गवत, भाजीपाला घेणारे शेतकरी आहेत. कोणी उघडपणे सांगतात, कोणी 'विहिरीचे पाणी आहे' म्हणतात. या पाण्याकडे समाज कधी कसा पाहत आला आणि आज आपल्या काळ्या जमिनीत ते कोणत्या अटीवर चालते, याची माहिती येथे दिली आहे.

सोनखताचा काळ

मराठीत मानवी मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. ज्या भाषेने या खताला सोन्याचे नाव दिले, तिला त्याची किंमत कळलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या आसपासचे ऊस बागायतदार हे खत वापरत. मैला राखेत, कचऱ्यात मिसळून वाळवला की त्याचे खत होई आणि त्याला पैसे मोजले जात. घरगुती पातळीवर तर हिशेब आणखी साधा होता: न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला. जुन्या घरांची मोरी परसाकडे उतरती असे.

या काळाबद्दल भाबडेपणाने बोलण्याची सवय आपल्या क्षेत्रात आहे. सोनखत शेतापर्यंत कोण नेत असे, हे त्यात सांगितले जात नाही. तो डोक्यावरून वाहणारे हात ठरावीक जातींचेच होते. खत सोन्याचे ठरले, तरी ते वाहणारा माणूस अस्पृश्यच राहिला. ही प्रथा कायद्याने मोडण्यासाठी १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम स्वतः अंगावर घेतले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषणही केले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याला हात न लावता त्याचे खत होईल अशा संडासावर काम केले. देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्राचा प्रसार केला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. खताचे मोल आणि माणसाचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणारे असे लोक थोडे होते.

शेतातून नाल्याकडे

नळ आणि पाण्याचे संडास आले, तसा कोरडा मैला संपून मैलापाणी वाढले. हे पाणी शहराबाहेर नेऊन सोडायचे कुठे, हा प्रश्न युरोपातील शहरांना आधी पडला. कॉलरा घाण पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवले होते. तरीही पुढची कित्येक दशके तिथल्या तज्ज्ञांचे उत्तर शेती हेच होते. बर्लिनने १८७६ पासून शहराभोवती मैलापाण्यावर भिजणारी मोठी शेते उभारली. पॅरिसनेही तसेच केले. बर्लिनची ही शेते सुमारे शंभर वर्षे चालली. शेवटी त्यांच्या मातीत जड धातू इतके साठले की अनेक ठिकाणी खाण्याची पिके घेणे सोडून द्यावे लागले. मैलापाण्याची शेती एकदोन वर्षांत बिघडत नाही. त्यामुळेच बिघाड उशिरा कळतो.

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहराच्या गटार योजनेची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली. त्यानंतर मुसीच्या काठाने शहराच्या सांडपाण्यावर पॅरा गवत आणि पालेभाज्या वाढत गेल्या. हैदराबादच्या म्हशींचे दूध बऱ्याच अंशी या गवतावर अवलंबून राहिले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १९०० च्या आसपास मैलापाण्याच्या टाकीतील गॅसवर इंजिन चालवण्याचाही प्रयोग झाला होता.

१९१४ मध्ये मँचेस्टरला हवा देऊन जिवाणूंकडून मैलापाणी शुद्ध करण्याची पद्धत निघाली. आजही बहुतेक प्रक्रिया केंद्रे याच तत्त्वावर चालतात. कमी जागेत पाणी स्वच्छ होऊ लागले, रासायनिक खते स्वस्त झाली आणि शहरांना शेतकऱ्याची गरज उरली नाही. सांडपाणी 'विल्हेवाट लावण्याची वस्तू' झाले. भारतात तर बहुतेक ठिकाणी केंद्रही आले नाही, फक्त नाला आला. नांदेडमध्ये नाल्यांचे पाणी गोदावरीत मिसळण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. घाटावर स्नान करणारा त्याला प्रदूषण म्हणतो. खालच्या गावात नदीवर मोटर असलेला शेतकरी त्याच पाण्याला आवर्तन समजतो.

भीती खरी आहे हे १९७० मध्ये जेरुसलेममध्ये दिसले. मैलापाण्यावर वाढवलेल्या कच्च्या भाजीतून तिथे कॉलरा पसरला. त्यानंतर त्या देशाने या पाण्याचा वापर थांबवला नाही. प्रक्रिया कडक केली, पीक आणि पाणी यांची सांगड नियमाने बांधली. आज तेथे सांडपाण्यापैकी ९० टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीला जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी मर्यादा दिली: १०० मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त विष्ठाजन्य जिवाणू नसावेत आणि लिटरमध्ये जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे. २००६ च्या सुधारित मार्गदर्शनात केवळ पाण्यावर भर न देता पीक, सिंचनाची पद्धत, काढणीपूर्वीचा खंड, भाजी धुणे अशा टप्प्याटप्प्याच्या अडथळ्यांवर भर आहे. विस्तार कार्यकर्त्यांना गावात उपयोगी पडेल ती हीच दुसरी पद्धत, कारण नाल्याचे पाणी बदलणे शेतकऱ्याच्या हाती नसते, बाकीचे असते.

मोल कळले की मालक येतो

गेल्या वीस वर्षांत वारे पुन्हा फिरले आहे. नागपूरच्या भांडेवाडी येथील केंद्रातून रोज १३ कोटी लिटर प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना झाली. केंद्राच्या २०१६ च्या वीज दर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किमीच्या आतील औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणे बंधनकारक केले. परळीचे वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. कारखान्यांना हे पाणी हवे आहे आणि ते पैसे देऊ शकतात.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. मुंढवा येथील जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्यात सोडून शेतीला द्यायचे आणि त्या बदल्यात धरणाचे पाणी शहराला ठेवायचे, असा तो व्यवहार. पाणी पूर्ण प्रक्रिया न होता येते अशी शेतकऱ्यांची तक्रार वारंवार आली. मेक्सिकोत याच्या उलट झाले. मेक्सिको शहराच्या मैलापाण्यावर शतकभर शेती करणाऱ्या मेझकिताल खोऱ्यातील शेतकऱ्यांना मोठे प्रक्रिया केंद्र होणार म्हटल्यावर पाण्यातील खत जाईल याची काळजी वाटली.

या दोन्ही गोष्टी नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याने लक्षात ठेवाव्यात. पाणी घाण असते तोवर ते फुकट असते आणि धोका शेतकऱ्याचा असतो. प्रक्रिया झाली की ते पालिकेचे होते आणि कोणाला द्यायचे हे पालिका ठरवते. नाल्यावर दहा वर्षे मोटर चालवली, तरी त्याने कागदावर हक्क तयार होत नाही.

गावातले पाणी: नांदेडचे शोषखड्डे

शहराच्या मैलापाण्यापेक्षा गावातील मोरीचे पाणी हाताळायला सोपे आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे कोरडी केली आणि डास हटवले. त्याची चर्चा जिल्ह्याबाहेर गेली आणि रोजगार हमीतून असे खड्डे घेण्याच्या पद्धतीला 'नांदेड पॅटर्न' नाव पडले. साधारण ४ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये छिद्रे असलेली सिमेंटची कुंडी, भोवती दगडगोटे. कुंडीत गाळ बसतो, पाणी छिद्रातून दगडांत आणि तिथून जमिनीत जाते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. खोल काळ्या मातीत ४ फुटांवर पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो आणि मग पद्धतीला दोष दिला जातो. तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा. संडासाचे पाणी या खड्ड्यात सोडू नये आणि पिण्याच्या विहिरीजवळ खड्डा घेऊ नये. जागा असेल तर मोरीचे पाणी खड्ड्यात घालण्याआधी गाळ कुंडीतून परसातल्या केळी, शेवगा, लिंबाला फिरवावे. जुन्या घरांना हे शिकवावे लागले नव्हते.

आपल्या जमिनीचा प्रश्न

आता शेतातला हिशेब. घरगुती सांडपाण्यात साध्या प्रक्रियेनंतरही लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र राहू शकते. ५ सेंमीच्या एका पाळीतून एकरी सुमारे ४ किलो नत्र जमिनीत जाते. उसाला वर्षात अशा २५ पाळ्या दिल्या तर एकरी १०० किलो. सुरू उसाची नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलोच आहे. पूर्ण मात्रा पाण्यातून गेली असताना वरून युरियाची पोती टाकली, तर ऊस हिरवागार दिसतो, माजतो, लोळतो आणि साखर उतारा घसरतो. गुऱ्हाळवाल्यांना विचारा, अशा उसाचा गूळ नीट बसत नाही. सोयाबीनला असे पाणी दिले तर झाड वाढते, शेंगा कमी लागतात.

नत्राचा फायदा दिसतो, क्षार दिसत नाहीत. सांडपाण्याची विद्युत वाहकता १.५ डेसीसायमन असेल, तर लिटरला जवळपास १ ग्रॅम क्षार धरा. त्याच २५ पाळ्यांत एकरी सुमारे ५ टन क्षार रानात येतात. टंचाईच्या वर्षी माणशी पाणी कमी, साबण-मीठ तेवढेच, म्हणून सांडपाणी आणखी खारट होते. आणि टंचाईच्या वर्षीच शेतकरी नाल्याकडे वळतो. शिवाय त्या वर्षी क्षार खाली धुऊन नेणारा पाऊसही नसतो.

या क्षारांतील सोडियम सर्वांत घातक. साबण, धुण्याची पावडर आणि मिठातून तो येतो. आपली काळी माती चिकणमातीने भरलेली, चुनखडीयुक्त, निचरा मुळातच मंद. सोडियम मातीच्या कणांना चिकटला की कण सुटे होतात, भेगा मिटतात, पाणी वर साचते आणि जमीन चोपण होते. माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याने नाल्याच्या पाण्यावर तीन वर्षे गावात सर्वांत जास्त ऊस काढला. चौथ्या वर्षी पावसाचे पाणी रानात आठ दिवस उभे राहिले, वापसा येईना. माती तपासली तेव्हा सामू ९ च्या वर होता. पहिल्या वर्षी पाणी तपासले असते तर त्याला काही शे रुपये खर्च आला असता. जमीन सुधारायला जिप्सम, चर आणि दोन हंगाम गेले.

त्यामुळे पाणी वापरण्याआधी तपासणी करा. वाहकता ०.७५ पर्यंत असेल तर बहुतेक पिकांना अडचण नाही. २.२५ च्या पुढे काळ्या जमिनीत ते पाणी नियमित देऊ नका. सोडियम शोषण गुणोत्तर १० च्या आत सुरक्षित धरतात, पण निचरा नसलेल्या भारी जमिनीत मी त्याहून बरेच कमी असण्याचा आग्रह धरतो. उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असावे, २.५ च्या वर पाणी अयोग्य. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे पर्यावरण संरक्षण नियमांचे मानक आहे. नाल्याला औद्योगिक वसाहतीचे पाणी मिळत असेल तर कॅडमियम, क्रोमियम, शिसे यांचीही तपासणी मागा आणि अहवाल येईपर्यंत पालेभाजी घेऊ नका, कारण पालेभाज्या जड धातू पानांत साठवतात.

नमुना एकदाच घेऊ नका. नाल्याचे पाणी सकाळी एक आणि दुपारी एक असते, उन्हाळ्यात तर वेगळेच. रासायनिक तपासणीसाठी त्याच पाण्याने तीनदा विसळलेला १ ते २ लिटरचा प्लॅस्टिक कॅन भरून द्या. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, लातूरचे कृषी महाविद्यालय, सगरोळी आणि लातूर येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे कोणत्या तपासण्या होतात हे आधी विचारून घ्या.

पीक कोणते, पाणी कसे

प्रक्रिया न केलेल्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो ही पिके घेऊच नयेत. एका बैठकीत एका बाईंनी सरळ सांगितले, की ती भाजी आम्ही खात नाही, विकतो. खरे बोलल्या. बाजारात ती भाजी दुसऱ्या शेतकऱ्याच्याही घरी जाते.

कापूस, ऊस, बांबू, सागवानासारखी झाडे यांत धोका कमी. तूर, हरभरा वाळवून, शिजवून खातात म्हणून तुलनेने सुरक्षित, पण हरभऱ्याला जादा नत्र सोसत नाही. संकरित नेपियर किंवा पॅरा गवत चांगले येते. कापण्याआधी दोन आठवडे हे पाणी बंद करून, कापल्यावर उन्हात सुकवून मग जनावरांना घाला.

पाणी नाल्यातून थेट पाटात घेऊ नका. आधी तळ्यात किंवा खड्ड्यात थांबवा. जंताची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. उन्हाने जिवाणूही घटतात. जितके दिवस थांबेल तितके चांगले, आठवडाभर तरी थांबवा. तळ्याचा गाळ भाजीच्या वाफ्यात टाकू नका. तुषार सिंचन टाळा, थेंब वाऱ्याने घरापर्यंत जातात. ठिबक सर्वांत बरे, पण वाळूचा फिल्टर आणि नियमित आम्ल-क्लोरीन प्रक्रिया नसेल तर ड्रिपर काही आठवड्यांत बंद पडतात. एक पाळी सांडपाण्याची, एक विहिरीची अशी आलटून-पालटून द्या. नत्राची मात्रा पाण्याच्या अहवालानुसार कमी करा. दोन वर्षांतून एकदा ताग किंवा धैंचा गाडा, बांधाला चर ठेवा आणि दर उन्हाळ्यात मातीचा सामू व विनिमययोग्य सोडियम तपासा.

या रानात अनवाणी काम करणाऱ्याला अंकुशकृमी होतो. तो पायाच्या कातडीतून शिरतो. खुरपणीला बायका असतात आणि गमबूट असलाच तर पाणी देणाऱ्या गड्याला असतो. बूट आणि हातमोजे मालकाने द्यायचे, मजुरीतून कापायचे नाहीत. काम करणाऱ्या कुटुंबांनी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने जंताचे औषध घ्यावे. शेजारच्या पिण्याच्या विहिरीचे नायट्रेट वर्षातून एकदा तपासा. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर ते पाणी लहान बाळांना देऊ नका.

तुमच्या शहराच्या पालिकेचे प्रक्रिया केंद्र होत असेल किंवा झाले असेल, तर खालच्या गावांनी ग्रामसभेचा ठराव करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शेतीला रोज किती पाणी मिळणार, त्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला ग्रामपंचायतीत लागणार का, आणि केंद्र बंद पडलेल्या दिवशी पाणी थांबवणार की तसेच सोडणार. कारखान्याशी करार होण्याआधी हा ठराव पालिकेच्या आवक नोंदीत असावा. पोचपावती जपून ठेवा.